फोनची बॅटरी, दामाजीपंतांचं कोठार आणि माझी एक चूक



पालकसभेत मला अभ्यासाबद्दल जेवढे प्रश्न येतात, त्याहून जास्त हल्ली फोनबद्दल येतात. "गुर्जी, पोरासाठी कुठला फोन घ्यावा? आयफोन लई भारी म्हणत्यात, खरंय का? आमाला काय नको, चार्जिंग तेवढं टिकलं पाहिजे." आमची शाळा मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागात, गावापासून जरा आत. वीज जाते-येते, रेंज एका खिडकीत असते आणि दुसऱ्या खिडकीत नसते. अशा ठिकाणी हा प्रश्न हौसेचा राहत नाही. म्हणून अँड्रॉइड आणि आयफोन यांची तुलना आज नीट लिहून काढतो आहे. त्यातच माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे, कारण खरं शिक्षण मला त्या चुकीनेच दिलं.

फोन शाळेत आला कसा

आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून दाखवला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर ते काळे-पांढरे चौकोन आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपल्या सर्वांना माहीत आहेच. त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये फोन हीच शाळा झाली. तेव्हापासून दप्तरात वही तसा घरात फोन, असं होऊन बसलं.

पण वहीला चार्जिंग लागत नाही. इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

आधी आकडा समजून घेऊ

दुकानदार सांगतो, "पाच हजार एमएएच आहे, दोन दिवस बघायला नको." एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. बॅटरीत किती विद्युतप्रभार मावतो, त्याचं हे माप. आठवीच्या मुलांना मी याचं गणित घालतो. बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ५ अँपिअर-तास. तिचा दाब साधारण ३.८५ व्होल्ट. गुणाकार केला की १९.२५ वॉट-तास. आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. भागून बघा, एका युनिटात फोन बावन्न वेळा भरतो. चार्जरमध्ये आणि उष्णतेत थोडी वीज वाया जाते, म्हणून चाळीसच्या आसपास धरा. मुलं चाट पडतात. "सर, मग आमची आजी उगंच ओरडती की, फोन लावला की बिल येतंय म्हणून!"

आता गंमत बघा. आजच्या साध्या अँड्रॉइड फोनमध्येही ५,००० एमएएचची बॅटरी सर्रास असते. २०१९ साली आलेल्या आयफोन ११ मध्ये ती सुमारे ३,१०० होती. म्हणजे कोठार निम्म्यापेक्षा थोडंच मोठं. तरी तो फोन दिवसभर चालतो. हे कसं काय?

कोठार आणि कारभारी

मंगळवेढ्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. आपल्याकडे दामाजीपंतांची गोष्ट लहान लेकरालाही ठाऊक असते. दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडलं. त्या गोष्टीत कोठारात किती खंडी धान्य होतं, हे कुणी विचारत नाही. किल्ली कोणाकडे होती आणि त्याने ती कोणासाठी फिरवली, एवढंच आपण लक्षात ठेवलं.

फोनचंही तसंच आहे. बॅटरी म्हणजे कोठार. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या कोठारावरचा कारभारी. कोणत्या अ‍ॅपला किती द्यायचं, कधी द्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे तो ठरवतो.

आयओएस हा आयफोनचा कारभारी पहिल्यापासून कडक. फोन आणि सिस्टीम दोन्ही एकाच कंपनीचं, त्यामुळे मोजमाप नेमकं. स्क्रीनवर नसलेल्या अ‍ॅपला तिथे मनासारखं चालत राहता येत नाही. मेसेज आला की कंपनीची एकच सेवा येऊन कळवते, प्रत्येक अ‍ॅपला वेगळं जागं राहावं लागत नाही. २०१५ साली आयओएस ९ मध्ये लो पॉवर मोड आला. बॅटरी २० टक्क्यांवर आली की फोन स्वतःच विचारतो, आणि तुम्ही हो म्हणालात की वरचं बॅटरीचं चिन्ह पिवळं होतं.

अँड्रॉइडचा कारभारी आधी मोकळ्या हाताचा होता. मागे कोणतंही अ‍ॅप बराच वेळ चालू राहू शकायचं. २०१५ मध्येच अँड्रॉइड ६ आलं आणि त्यात 'डोझ' नावाची सोय आली. फोन पडून असेल, स्क्रीन बंद असेल तर अ‍ॅप्सना डुलकी घ्यायला लावायची आणि ठरावीक वेळाने थोडा वेळ जागं करायचं. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तर कोणतं अ‍ॅप तुम्ही रोज उघडता आणि कोणतं महिन्यातून एकदा, हे बघून फोन त्यांच्या रांगा लावायला लागला. शिवाय अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या अनेक कंपन्या त्यावर आपापल्या बचतीच्या युक्त्या चढवतात. म्हणून दोन अँड्रॉइड फोन एकसारखे वागत नाहीत. एकाचा नियम दुसऱ्याला लावायला गेलं की फसगत होते.

तिसरा कारभारीही आहे, त्याला विसरू नका. माझ्या आईकडे बटणांचा जिओफोन आहे. तो कायओएसवर चालतो. २०१७ मध्ये हे फोन आले तेव्हा पंधराशे रुपये अनामत ठेवून मिळायचे. बॅटरी जेमतेम २,००० एमएएच आणि पडदा २.४ इंची. तरी आईचा फोन दोन-तीन दिवस सहज जातो. मोठा उजळ पडदा नाही, मागे चालणारी अ‍ॅप्सची फौज नाही. खाणारी तोंडंच कमी!

माझा छोटा प्रयोग

पुण्याला असलेल्या माझ्या भाच्याने नवा फोन घेतला आणि जुना आयफोन ११ मला दिला. "मामा, वापरून तर बघा." मग काय, मार्च महिन्यात मी दोन्ही फोन खिशात घेऊन फिरलो. माझा अँड्रॉइड आणि तो आयफोन. दोन्हीत एकाच कंपनीचं सिम. सकाळी सहाला दोन्ही पूर्ण भरलेले. हाजिरी, फोटो, दोन-तीन व्हिडिओ आणि घरचे फोन शक्यतो निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे, असा नियम.

रविवारी मंगळवेढ्यात घरी असलो की रात्री झोपताना दोन्ही फोनमध्ये चांगली बॅटरी उरायची. कामाच्या दिवशी शाळेत मात्र दुपारी चारच्या सुमारास दोन्ही लाल व्हायचे. आधी वाटलं, वापर जास्त होत असेल. मोजलं तर तसं काही नव्हतं. फरक रेंजचा होता. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावून संदेश पाठवतो आणि रेंज सारखी तुटली की सारखा टॉवर शोधत बसतो. लांबच्या माणसाला ओरडून हाक मारली की घसा बसतो, तसंच हे.

म्हणजे माझ्या दोन फोनांमधला फरक थोडा, आणि माझ्या दोन गावांमधला फरक फार मोठा! ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. त्यानंतर मी धडे सकाळी घरीच डाऊनलोड करून नेतो आणि व्हिडिओ दाखवताना फोन विमान मोडवर टाकतो. आता शाळा सुटेपर्यंत बॅटरी पुरते, दोन्ही फोनांची.

दुसरा शत्रू ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. आयफोन बनवणारी कंपनी स्वतः सांगते की फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. गाडीच्या टाकीवरच्या पिशवीत, पत्र्याच्या खोलीत, उन्हात चार्जिंगला लावलेला फोन, कोणताही असो, त्याची बॅटरी लवकर म्हातारी होते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये जुन्या बॅटरीचे आयफोन हळू केल्याबद्दल त्या कंपनीला जाहीर माफी मागावी लागली होती. त्यानंतर आयफोनमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसायला लागली. भाच्याच्या फोनमध्ये ती ८१ टक्के दिसते. जुना फोन विकत घेताना हा आकडा आधी बघा.

आणि आता माझी चूक

आमच्या आठवीत एक मुलगी होती. हुशार आणि शांत. आई-वडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि मुलगी आजीजवळ राहते. तिच्या वडिलांनी माझ्या सांगण्यावरूनच उन्हाळ्यात पाच हजार एमएएचचा अँड्रॉइड फोन घेतला होता. टोळी निघायच्या आधी ते शाळेत आले.

"गुर्जी, ह्याचं चार्जिंग दिवस मावळायच्या आत संपतंय. फडावर लाईट कुठली? ट्रॅक्टरवर लावावं लागतंय. कायतरी करा."

मी मोठ्या तोऱ्यात फोन हातात घेतला. सेटिंगमध्ये बॅटरीची यादी काढली. सगळ्यात वर व्हॉट्सअ‍ॅप. अशा यादीत प्रत्येक अ‍ॅपला साधारण तीन पर्याय असतात : अनिर्बंध, ऑप्टिमाइझ आणि प्रतिबंधित. मी व्हॉट्सअ‍ॅपला 'प्रतिबंधित' केलं. बचत मोडही कायमचा चालू केला. "घ्या. आता बघा कसा चालतो ते." आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, "गुर्जी, आता दोन दिवस जातंय बघा चार्जिंग!" मला फार बरं वाटलं.

त्याच वेळी एनएमएमएस परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस आले. शिक्षकांना माहीत आहे, पालकांसाठी सांगतो : ही आठवीतल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी, दरवर्षी १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. ऊसतोडीच्या घरात या रकमेचा अर्थ काय, ते मी सांगायला नको.

मुलीचा उत्पन्नाचा दाखला जुना निघाला. नवा काढायला वडिलांच्या आधार कार्डाचा फोटो हवा होता आणि ते कार्ड त्यांच्याबरोबर फडावर. मी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला. एकच टिक. म्हटलं, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशीही एकच टिक. परत मेसेज टाकला. शाळेची इतर कामं होती, मी थांबलो. तिसऱ्या दिवशी मुलीला विचारलं, "बाबांचा फोन बंद आहे का गं?"

"न्हाई सर. काल रातच्याला आजीच्या फोनवर बोलले की."

माझ्या पोटात खड्डा पडला. मी तिथेच उभ्या उभ्या साधा फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला. "मेसेज? न्हाई ओ गुर्जी, कायच आलं न्हाई. फोन तर चालूच हाय." मी म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅप उघडा. बोलता बोलता त्यांनी उघडलं. "आत्ता आलं बघा! धाडधाड आलं सगळं एकदम."

तीन दिवस मेसेज अडकून पडले होते. फोनने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी जे सांगितलं तेच त्याने प्रामाणिकपणे केलं. कोठाराला कुलूप मीच लावलं होतं आणि बाहेर कोण उभं आहे हे बघितलंच नव्हतं.

फोटो लगेच आला, पण दाखला हातात पडेपर्यंत अर्जाची नियमित मुदत संपली. विलंब शुल्काची मुदत होती म्हणून अर्ज गेला. शुल्क मी भरलं, कारण चूक माझी होती. वडिलांना मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "राहू द्या गुर्जी. तुमच्यामुळंच तर फोन दोन दिवस चालतोय."

मुलगी परीक्षेला बसली. निवड यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. ते गुणांमुळे हुकलं, माझ्या त्या बटणामुळे नाही, एवढाच मला आधार. पण विलंबाची मुदत नसती तर? हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

रोजच्या सोयींची तुलना

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. मी दोन्ही फोन वापरले, त्यावरून आपल्या भागासाठी एवढं सांगता येईल :

१. बॅटरी : आयफोन लहान बॅटरीत नीटनेटका संसार करतो. लो पॉवर मोडमध्येही मेसेज कळवतो. अँड्रॉइडमध्ये कोठार मोठं मिळतं, सेटिंग बदलायची मोकळीकही जास्त, पण त्या मोकळिकीबरोबर माझ्यासारखी चूक करायची सोयही मिळते.

२. चार्जर : २०२३ च्या आयफोन १५ पासून आयफोनला यूएसबी-सी आलं. त्याआधीच्या आयफोनची केबल वेगळी. आमच्या गावात ती मागायला गेलं तर अख्ख्या गल्लीत मिळत नाही. अँड्रॉइडची केबल शेजारच्या घरीही असते.

३. सिम आणि मेमरी : दोन गावांत दोन कंपन्यांची रेंज असेल तर दोन सिम लागतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत दोन्ही साधी सिम बसतात, काहींत मेमरी कार्डही. आपल्याकडच्या बहुतेक आयफोनमध्ये एक साधं सिम आणि दुसरं ई-सिम. मेमरी कार्ड नाहीच.

४. टिकाऊपणा : इथे आयफोन पुढे. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ चं आयओएस १५ मिळालं होतं. स्वस्त अँड्रॉइड फोनला इतकी वर्षं अपडेट मिळत नाहीत. काही महागड्या अँड्रॉइड फोनांना २०२३-२४ पासून सात वर्षांचं आश्वासन मिळू लागलं आहे, पण ते आपल्या खिशाबाहेरचं.

५. मराठी : दोन्हीकडे मराठी कीबोर्ड आहे. अँड्रॉइडवर बोलून मराठी टाइप करता येतं, लिहिता न येणाऱ्या पालकांना त्याचा फार उपयोग होतो.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, अभ्यासासाठी मध्यम किमतीचा साधा अँड्रॉइड पुरे. कर्ज काढून आयफोन घेऊ नका. आणि घरात बटणांचा फोन असेल तर तो मोडीत देऊ नका. त्या दिवशी निरोप कळला तो आजीच्या अशाच फोनमुळे.

मी आता काय करतो

महत्त्वाचा निरोप असेल तर मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतोच, पण एकच टिक दिसली की त्याच दिवशी साधा फोन करतो. फोन आणि साधा एसएमएस या बचतीच्या सेटिंगमध्ये असे अडकून पडत नाहीत. पालकांचा फोन हातात आला की बचत करायला सांगतो ती पडद्याचा उजेड, आपोआप चालणारे व्हिडिओ आणि न वापरलेले खेळ यांच्यात. शाळेचा निरोप ज्या अ‍ॅपवर येतो त्याला हात लावत नाही.

वर्गातही हा उपक्रम घेऊन बघा. मुलांना घरच्या फोनमधली बॅटरीची यादी वहीत उतरवून आणायला सांगा. सगळ्यात जास्त बॅटरी कोण खातं आणि त्यातलं घराच्या कामाचं किती, असे दोन रकाने. टक्केवारीचं गणितही होतं आणि घरात बोलणंही होतं. आमच्या वर्गात एका मुलाने लिहून आणलं होतं, "सगळ्यात जास्त बॅटरी माझा गेम खातो. कामाचं : आईचा मामाला फोन." त्याला मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं, गेम काढून टाकला म्हणून. खरंखोटं त्यालाच माहीत!

ती मुलगी आता दहावीला आहे. तिचे वडील या वर्षी टोळीबरोबर निघायच्या आधी परत शाळेत आले होते. फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "गुर्जी, बघा जरा, सगळं नीट हाय का." मी सेटिंग उघडलं. व्हॉट्सअ‍ॅप 'अनिर्बंध' होतं. तसंच राहू दिलं, आणि त्यांच्यासमोर एक मेसेज पाठवून दोन टिका दिसल्यावरच फोन त्यांच्या हातात दिला.